रसायनशास्त्राचा मास्तर व्हायचंय: तीन अधिक दोन की सलग चार?

पहिली वाट सगळ्यांच्या ओळखीची: तीन वर्षं बीएस्सी, मग सीईटी देऊन बीएड. २०१५ पासून बीएड दोन वर्षांचं झालं, म्हणजे एकूण पाच. दुसरी वाट भोपाळच्या प्रादेशिक शिक्षण संस्थेसारख्या ठिकाणची: बारावीनंतर प्रवेश परीक्षा आणि चार वर्षांत बीएस्सी-बीएड एकत्र. वर्ष वाचतं, हे उघडच आहे.

पण खरा फरक वर्गात दिसतो. सलग अभ्यासक्रमात मोल संकल्पना (पदार्थातले कण मोजायची रीत) शिकतानाच ती नववीच्या पोराला कशी सांगायची, हा प्रश्न डोक्यात घोळत राहतो. तीन अधिक दोनमध्ये बीएडला पाठ टाचण लिहायला बसेपर्यंत ब्युरेटची, म्हणजे थेंब थेंब द्रावण सोडायच्या मापनळीची, सवय सुटलेली असते. मग सराव पाठात ब्युरेटमधून अल्कली जास्त पडतं, फिनॉल्फ्थॅलिन (अल्कलीत गुलाबी होणारा दर्शक) घातलेला फ्लास्क भडक गुलाबी होतो आणि मागच्या बाकावरून खसखस पिकते.

तरी ज्याचं अजून ठरलेलं नाही, त्याने पहिलीच वाट धरावी. नुसत्या बीएस्सीवर औषध कंपनीची प्रयोगशाळाही खुली राहते. अकरावी-बारावीला शिकवायचं असेल तर मात्र एमएस्सी दोन्हीकडे चुकत नाही.