बॉनेटवर ५० एचपी, पीटीओवर ३६

जुना ट्रॅक्टर घेताना ५० एचपीचा म्हणून ४२ एचपीचा ट्रॅक्टर माझ्या गळ्यात मारला गेला, याचा संताप अजून शमलेला नाही. आणि चारचौघांत सांगायची लाज वाटते, कारण ऐकणारा आधी मलाच दोष देतो.

बॉनेटवर वरच्या मॉडेलचे स्टिकर होते, तासमीटर ९८० तास दाखवत होता आणि पत्रकात मागची अवजारे उचलणाऱ्या लिफ्टची क्षमता १,८०० किलो छापलेली होती. रोटाव्हेटर जमिनीत उतरला की इंजिन दबू लागे, म्हणून ताकद मोजणारे डायनॅमोमीटर लावून पाहिले, तर पीटीओवर, म्हणजे अवजारे फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टवर, जेमतेम ३६ एचपी भरली. इंजिनाची ताकद पीटीओपर्यंत येताना साधारण दहा ते पंधरा टक्के घटते, हे धरूनही ५० एचपीच्या ट्रॅक्टरला तिथे ४२-४३ तरी मिळायला हवी होती.

व्यवहाराच्या वेळी क्लच आणि ब्रेकच्या पेडलांवरचे रबर कोरे करकरीत होते, तर पीटीओ शाफ्टच्या स्प्लाइन, म्हणजे अवजार अडकवायचे दाते, झिजून गोलावल्या होत्या. ९८० तासांत असे होत नाही. मी विचारले, तेव्हा ‘आधीचा मालक हौशी होता’ एवढेच सांगून विक्रेत्याने इंजिन सुरू केले आणि त्या आवाजात स्प्लाइनचा विषय बुडवला. तो क्षण आठवला की अंगाचा तिळपापड होतो. इंजिनावरची क्रमांकाची पट्टी रंगाच्या जाड थराखाली होती. मी ती खरवडू पाहिली, तर ‘कागदात सगळे आहे’ म्हणून त्याने हात आडवा घातला. छापील कागदावर विश्वास ठेवणे हा काही गुन्हा नव्हे! पट्टी वाचू देत नसेल, तर तिथूनच उठा.

लिफ्टचा आकडा कुठे मोजला, हेही विचारा. अवजार जोडायच्या खालच्या लिंकच्या, म्हणजे दांड्यांच्या, टोकाशी उचलले जाणारे वजन आणि त्यामागे ६१० मिलिमीटरवर उचलले जाणारे वजन यांत बराच फरक पडतो.

पोलिसांनी हा दिवाणी वाद ठरवला, ग्राहक तक्रार कार्यालयाने पत्रक म्हणजे हमी नव्हे असे सुनावले, आणि इंजिन क्रमांकावरून मॉडेल सांगणे सहज शक्य असताना उत्पादकाच्या कार्यालयाने जुन्या यंत्राशी आपला संबंध नाही म्हणून हात झटकले. अमेरिकेतील नेब्रास्का राज्याने ट्रॅक्टरविषयीच्या खोट्या दाव्यांना आळा घालण्यासाठी १९१९ साली कायदा केला आणि १९२० पासून प्रत्यक्ष चाचण्या सुरू केल्या; शतक उलटल्यावरही मला मात्र एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे पाठवले जाते, आणि प्रत्येक जण पुन्हा पहिल्यापासून विचारतो.

एचपी, इंजिन क्रमांक आणि चाललेले तास पावतीवर सहीनिशी लिहून घ्या. माझ्या पावतीवर ‘एक जुना ट्रॅक्टर’ एवढेच आहे, आणि तक्रार तिथेच अडकली आहे.