दादरची रविवारची गणिताची शिकवणी: साडेतीन तारे

डोंबिवलीहून रविवारी पहाटेची लोकल पकडून दादरला शिकायला जाणं म्हणजे घरच्यांच्या मते वेडेपणाच. विषय ‘नॉर्मल फॅमिली’ म्हटल्यावर सासूबाई म्हणाल्या, “मग आपली कुठली गं?”

गणितातली नॉर्मल फॅमिली म्हणजे फलनांचा असा गट, ज्यातल्या कुठल्याही क्रमिकेतून (रांगेतून) एका फलनाकडे नीट स्थिरावत जाणारी उपक्रमिका (तिच्यातलेच काही निवडून केलेली रांग) काढता येते. सरांनी मात्र ही व्याख्या आधी सांगितलीच नाही. झेड (कॉम्प्लेक्स संख्या), झेडवर्ग, झेडघन अशी रांग फळ्यावर मांडली आणि ०.९ चे घात काढायला लावले. पन्नासाव्या घाताला जेमतेम ०.००५ उरलं. एकक वर्तुळाच्या आत, काठापासून जरा लांब राहिलं की सगळी रांग एकसमान, म्हणजे सगळ्या बिंदूंवर एकत्रच, शून्याकडे जाते. काठापलीकडे नुसती फुगते. काठावरच्या बिंदूभोवती दोन्ही प्रकार येतात, म्हणून काठावरच्या कुठल्याच बिंदूभोवती ही फॅमिली नॉर्मल नाही. मग माँतेलचं प्रमेय: फलनं होलोमॉर्फिक (कॉम्प्लेक्स डेरिव्हेटिव्ह असलेली) असली आणि प्रत्येक बिंदूच्या आसपास सगळ्यांच्या किमतींच्या आकाराला मिळून एकच वरची मर्यादा असली, की कुठल्याही क्रमिकेतून स्थानिक एकसमान अभिसारी (प्रत्येक बिंदूच्या आसपास एकसमान स्थिरावणारी) उपक्रमिका निघतेच. कोशीच्या सूत्राने (काठावरच्या किमतींवरून आतली किंमत देणाऱ्या) डेरिव्हेटिव्ह कसे ताब्यात येतात, हे तर झकासच समजावलं.

पण पुढचं, उपक्रमिका प्रत्यक्ष काढून देणारं आर्झेला-आस्कोली प्रमेय ‘घरी बघा’ म्हणून उरकलं, आणि तेवढ्यात फीच्या हप्त्याची वही फिरली! पंखा एकच, तोही सरांच्या डोक्यावर.

पुढच्या रविवारी रीमान मॅपिंग थिअरम आहे. मेगाब्लॉक नसला तर जाणार.