फ्लो रॅक, आठ महिन्यांनंतर: घोडं अडलं ते रिकाम्या क्रेटच्या लेनवर

28 मिमी पाइप आणि रोलर ट्रॅकचा फ्लो रॅक असेंब्ली लाइनला लावून आठ महिने झाले. हा उतरता रॅक: एका लेनवरून भरलेला क्रेट आपल्या वजनाने ऑपरेटरकडे सरकतो, दुसऱ्या, परतीच्या लेनवरून रिकामा मागे जातो. गेल्या आठवड्यात स्टोअरमध्ये माल भरपूर असताना लाइन थांबली. रिकामा क्रेट परतीच्या लेनमध्ये मध्येच अडकला होता. टगरवाल्याला (स्टोअरमधून ट्रॉल्या ओढत माल आणणाऱ्याला) रॅकच्या मागच्या बाजूला रिकामा क्रेट दिसला, तरच पुढच्या फेरीत तो भरलेला आणतो. दिसला नाही, म्हणजे मागणीच नाही! रॅक घेताना जो तो भरलेल्या लेनवर किती वजन चालेल एवढंच विचारतो, परतीच्या लेनबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. याचाच संताप येतो.

आधी सगळा दोष रोलरवर टाकला होता. तो आता मागे घेतो. दोन्ही लेन मोजल्या: दीड मीटरला 80 मिमी, म्हणजे 3 अंश उतार. 12 किलोचा भरलेला क्रेट त्यावरून छान सरकतो. दीड किलोचा रिकामा नाही सरकत, त्यात तळाला रिब (उंच पट्ट्या) असल्या तर त्या रोलरच्या फटीत बसतात. परतीची लेन 130 मिमी, म्हणजे साधारण 5 अंश केली, सपाट तळाचे क्रेट घेतले. त्यानंतर एकही अडकलेला नाही.

भरलेल्या लेनला मात्र हा उतार देऊ नका. मागच्या चार क्रेटचा रेटा पुढच्यावर येतो, तो उचलताना ऑपरेटरचा हात दुखतो. तिथे क्रेट अडत असेल तर पाइप बघा. मधोमध 15 मिमी झोळ पडला, की पुढच्या निम्म्या भागात 2 अंशही उतार उरत नाही आणि क्रेट हाताच्या अलीकडेच थांबतो. मध्ये एक आडवा पाइप टाकला की झालं.

लेनची लांबी अंदाजाने ठरवू नका. मिनिटाला एक जॉब, जॉबला 2 पार्ट, म्हणजे तासाला 120. फेरी अर्ध्या तासाची. टगर नुकता गेल्यावर क्रेट रिकामा झाला, तर उचलायला एक फेरी आणि भरून यायला दुसरी. तासाभराचा माल, 40 पार्टच्या क्रेटने 3. एक वापरातला, एक राखीव, एकूण 5. क्रेटची 300 मिमीची बाजू लेनच्या दिशेने ठेवली तर बरोबर दीड मीटर.

जॉइंटचे बोल्ट कंपनाने ढिले होतात. महिन्यातून एकदा ॲलन की फिरवा, सुरुवात परतीच्या लेनपासून.