क्रॉप कव्हर घेतलं: पालक वाचला, मिरची गेली

दरवर्षी पहिला कडाका यायचा अंदाज आला की माझं ठरलेलं, रात्री नऊ वाजता टॉर्च घेऊन वाफ्यात उभी आणि हातात जुन्या चादरी. सकाळी त्या चादरी दवाने भिजून जड व्हायच्या आणि खाली लेट्यूस चपटं. यावेळी म्हटलं बास, नीट क्रॉप कव्हर घेऊ. ते पांढरं नॉन-वोवन कापड येतं ना, पॉलिप्रॉपिलीनचं, ज्यातून पाणी पण झिरपतं आणि उजेड पण येतो, तेच. ३० जीएसएमचं (म्हणजे एका चौरस मीटरला ३० ग्रॅम वजनाचं) घेतलं. १७ चं पातळ असतं, उजेड छान सोडतं पण थंडी जेमतेम एक-दोन डिग्री अडवतं, आणि ५० चं एवढं जाड की निम्मा उजेड तेच खातं, मग दिवसा काढायलाच लागतं. म्हणून मधलं.

पाकिटावर मोठ्या अक्षरात "उणे ५ पर्यंत संरक्षण". कशाचं संरक्षण ते लिहिलेलं नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. मी दोन मिन-मॅक्स थर्मामीटर (सगळ्यात कमी आणि जास्त तापमान नोंदवून ठेवणारे) लावले, एक आत एक बाहेर, दोन्ही जमिनीपासून वीतभर वर. पहिल्या रात्री बाहेर उणे १, आत दीड, मी खूश. आठवड्याने एक रात्र आली, आकाश स्वच्छ, वारा अजिबात नाही, बाहेर उणे ५ आणि आत उणे २. सकाळी ढोबळी मिरची उकडून काढल्यासारखी, पानं काळपट, पाणी सुटलेली, लोंबतायत नुसती. तिच्याच शेजारी त्याच कापडाखालचा पालक आधी कडक झालेला, मला वाटलं हाही गेला, पण ऊन आल्यावर तासा-दीड तासात असा उभा राहिला की जणू काही झालंच नाही. म्हणजे उणे ५ चा दावा पालकाला विचारलात तर खरा, मिरचीला विचारलात तर खोटा.

आता यात कापडाचा दोष किती आणि माझा किती हेही सांगायला हवं, कारण त्या रात्री मी झाकलंच उशिरा. कव्हर स्वतः काही गरम करत नाही, दिवसभर मातीने जी ऊब घेतलेली असते ती रात्री वर निघून जाते, ती थोडी अडवून धरणं एवढंच त्याचं काम. ढगाळ रात्री हेच काम ढग करतात, म्हणून तेव्हा फ्रॉस्ट (पानांवर पडणारा पांढरा हिमकणांचा थर) सहसा पडत नाही. मी झाकलं रात्री, तोवर माती निम्मी गार. आता ऊन उतरायच्या आत झाकते आणि त्या दिवशी सकाळीच वाफ्याला पाणी देते, ओली माती कोरड्या भुसभुशीत मातीपेक्षा जास्त ऊब साठवते. पालापाचोळ्याचं जाड आच्छादन असेल तर तेही दिवसा बाजूला सारते, नाहीतर मातीला ऊनच लागत नाही. (हे मला फार उशिरा कळलं, दोन वर्षं मी उलटंच करत होते.)

आणि मोबाईलवरच्या आकड्यावर जाऊ नका. हवामानवाले तापमान मोजतात ते साधारण माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, जमिनीलगत तीन-चार डिग्री कमी असू शकतं. माझ्याकडे अ‍ॅपवर ३ आणि गवत पांढरंफटक, असं झालंय.

मापाबद्दल तक्रार आहे. कापड २ मीटर रुंद, वाफा १.२ मीटर, वाटलं भरपूर झालं. पण कापड पानांना टेकलं की टेकलेली पानं करपतात, म्हणून कमानी लावाव्या लागतात, आणि अर्धगोल कमानच जवळपास १.९ मीटर खाते, मग दोन्ही कडांना दाबायला उरतं काय तर तीन बोटं. कडा जमिनीला टेकून बंद नसल्या तर सगळी ऊब खालून पसार. सोबत दिलेल्या प्लॅस्टिकच्या खुंट्या तर विचारूच नका, दहापैकी चार पहिल्याच दिवशी घट्ट मातीत मोडल्या, आता विटा ठेवते.

टोमॅटोसाठी मात्र हे घेऊ नका, खरंच. उंच झाडाला गुंडाळून बुंध्याशी दोरी बांधली की जमिनीची ऊब आत येणारच नाही, नुसता फुगा होतो. मी सरळ सगळे टोमॅटो उतरवले, ज्यांचा हिरवा रंग फिका पडायला लागला होता ते घरात पिकतायत, कोवळे कच्चे मात्र तसेच राहिलेत. बेसिल तर फ्रॉस्टच्या आधीच, नुसत्या चार-पाच डिग्रीला काळं पडतं, ते आठवडाभर आधीच काढा. गाजराला काहीच लागत नाही, थंडीने उलट गोड होतं.

एक गोष्ट कुणी सांगत नाही, आत मावा (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) मजेत वाढतो, कारण त्याला खाणारे किडे बाहेरच राहतात. चार दिवस उघडलं नाही आणि लेट्यूसच्या मागच्या बाजूला वसाहत. आता बरं ऊन असलं की उघडते.

माझ्याकडून ५ पैकी साडेतीन. अर्धा खुंट्यांचा कापला, बाकी पाकिटावरच्या त्या आकड्याचा. पुढच्या वेळी ३ मीटर रुंदीचंच घेणार. आज रात्री परत उणे ३ सांगतायत आणि ऊन भिंतीवर चढलंय, जाते झाकायला.