१९६५ ची बंदूक, पंचकोनातला एफ आणि माझे १,१५,८५० रुपये

आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागं कुजबुज नको. डायना ३५, म्हणजे छऱ्याची जुनी जर्मन बंदूक, बोर (नळीचं भोक) ४.५ मिमी, 'जून १९६५ ची': ६२,०००. त्याच कंपनीचं छऱ्याचं पिस्तूल, डायना मॉडेल ६: ४८,५००. त्याचा 'मूळ खोका आणि कागद': ३,५००. सांगलीपर्यंतचं ट्रॅव्हल्सचं पार्सल: १,८५०. एकूण १,१५,८५०. त्यातले २५,००० टोकन म्हणून यूपीआयनं, ८९,००० आयएमपीएसनं आणि भाडं पार्सल ऑफिसात रोख. टोकन द्या, दुसरं गिऱ्हाईक थांबलंय, अर्ध्या तासात बाकीचे टाका, हा खेळ सगळ्यांना ठाऊक असतो. मलाही होता.

पहिलाच प्रश्न येणार, एकाच कंपनीच्या मागं कशाला लागायचं? त्यालाही कारण आहे. छऱ्याच्या जुन्या बंदुका जमवणाऱ्यानं एक घराणं धरलं की खुणा पाठ होतात, स्प्रिंग आणि वॉशर कुठं मिळतात ते कळतं, एका बंदुकीचा स्क्रू दुसरीला चालतो. दहा कंपन्यांची एकेक आणून ठेवणाऱ्याला एकीचंही पोट उघडता येत नाही. हे मी आजही म्हणतो. चूक निष्ठेत नव्हती. चूक ही की निष्ठा लोखंडावर ठेवायची सोडून शिक्क्यावर ठेवली. नळीमागच्या पत्र्यावर कंपनीच्या शिक्क्यातली डायना देवी दिसली, डोक्यावर बंदूक धरलेली आणि धनुष्यबाण टाकून दिलेली, की हात जोडले गेले.

आणि शिक्का तरी एकाच घरचा आहे का? कारखाना १८९० चा, जर्मनीतल्या रास्टाटचा. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथली यंत्रं ब्रिटनला गेली आणि स्कॉटलंडमध्ये मिलब्रो कंपनीनं 'डायना' नावानंच बंदुका काढल्या. खुद्द जर्मन कारखान्याला ब्रिटनमध्ये आपला माल 'ओरिजिनल' या नावानं विकावा लागला. २०१४ साली कंपनी दुसऱ्या जर्मन समूहाकडं गेली आणि नंतरची काही स्वस्त मॉडेलं चीनमध्ये बनतात. यातलं काहीच बनावट नाही, पण नाव एक आणि हात तीन. नुसतं 'डायना आहे का?' एवढंच विचारणाऱ्याला कुणीही खरं बोलूनही गंडवू शकतो. मला मात्र सरळ खोटं बोलूनच गंडवलं.

आता तो क्षण. रात्री सव्वादहाला विक्रेत्याकडून सात फोटो आले. चौथ्या फोटोत नळीमागच्या सिलिंडरवर तारखेचा ठसा होता, ०६ ६५. डायना महिना आणि वर्ष असंच बारीक अंकांत ठोकत असे. त्याच फोटोत, जेमतेम चार बोटांवर, पंचकोनात एफ. हा एफ म्हणजे जर्मन कायद्याची खूण, ताकद ७.५ ज्यूलच्या आत असल्याची. ती आली १९७० नंतर. १९६५ च्या बंदुकीवर ती असूच शकत नाही. हे मला माहीत होतं, नव्हे, दुसऱ्यांना मीच सांगत होतो. फोटो मोठा करून दोन्ही खुणा पाहिल्या आणि मनात काय आलं? "वा, दोन्ही ठसे किती स्पष्ट आहेत!" साठ वर्षांच्या बंदुकीवरचे ठसे इतके स्पष्ट का, हेसुद्धा सुचलं नाही. दहा वाजून बत्तीस मिनिटांनी टोकन गेलं.

त्यानं पाठवलेल्या व्हिडिओतही सगळं होतं. पत्र्याच्या डब्याला आरपार भोक, कडाड आवाज, नळीच्या तोंडाशी निळसर धूर. छऱ्याच्या बंदुकीतून धूर यायचं काय काम? सिलिंडरमध्ये तेल सोडलं की दाबाखाली ते पेटतं, डिझेल इंजिनासारखं. पाच-सात शॉट जोरात जातात, तेल संपलं की जोर संपतो, आणि वॉशरची वाट लागते ती वेगळीच. विक्रेत्याकडं वेगमापकावरचे सलग दहा आकडे मागा, धूर नसलेले, छऱ्याचं वजन सांगून. नुसता डबा फोडलेला व्हिडिओ आला तर फोन ठेवा.

माल आला तेव्हा ०.५१ ग्रॅमच्या छऱ्यानं मोजलं. पहिला शॉट सेकंदाला १४१ मीटर, पाचवा ११८. म्हणजे ५ ज्यूलवरून साडेतीनवर. चांगल्या वॉशरची बंदूक दहा शॉटांत चार-पाच मीटर इकडंतिकडं होते, तेवीस नव्हे. मग नळीत काडीनं एक छरा हळू ढकलून बाहेर काढला. खऱ्या आट्यांच्या, म्हणजे नळीतल्या पिळदार खाचांच्या, खुणा छऱ्याच्या कडेला सगळीकडून सारख्या उमटतात. इथं एका बाजूला खोल, दुसऱ्या बाजूला नखाची रेघ, आणि मधेच छरा सैल पडून आपोआप घसरला.

दस्त्याचे स्क्रू सोडले तेव्हा उरलंसुरलं कळलं. त्या काळच्या ३५ चा चाप तीन पोलादी गोळ्यांवर दट्ट्या धरतो. त्यामुळं तो हलका आणि स्वच्छ सुटतो. इथं हुकासारखा साधा आकडा, कानशीनं घासलेला. आपल्याकडं जुन्या ३५ च्या घाटाच्या बंदुका बऱ्याच झाल्या, आपल्या जागी त्या ठीकच आहेत; त्यातलीच एक घासून, ठसे ठोकून, ब्लूइंग (लोखंडावरचा निळसर-काळा मुलामा) करून माझ्या गळ्यात मारली. कुपवाडच्या एमआयडीसीतल्या एका लेथवाल्यानं ती उन्हात तिरपी धरली आणि म्हणाला, "काका, ह्ये खड्डं बघा की." ब्लूइंगच्या खाली गंजाचे खड्डे. २०१९ च्या पुरानंतर सांगलीत घराघरांत भिजलेलं लोखंड पाहिलेल्या माणसाला ते दुसऱ्यानं दाखवावे लागले. ठोकलेल्या अक्षराच्या कडेला धातू किंचित वर येतो आणि काळाबरोबर झिजतो. इथं अक्षरांच्या कडा ब्लेडसारख्या, पण आजूबाजूचे कोपरे पॉलिशनं गोल झालेले.

म्हणून दस्ता काढलेला फोटो मागायचाच. दस्त्याचे तीन-चार स्क्रू, पाच मिनिटांचं काम. विक्रेता "नाजूक आहे, उघडत नाही" म्हणाला तर तो उघडत नाही म्हणून तुम्हीही पाकीट उघडू नका. मात्र सिलिंडरची मागची टोपी स्प्रिंग कॉम्प्रेसर असल्याशिवाय कुणी काढायची नाही. दबलेली स्प्रिंग तोंडावर येते.

पिस्तूल मात्र खरं निघालं, आणि त्याचा राग जास्त. मॉडेल ६ मध्ये गिस पद्धत असते, दोन दट्टे दात्यांनी जोडलेले, एकाच वेळी उलट दिशांना पळतात, म्हणून हाताला धक्का बसत नाही. या पिढीच्या वॉशरचा रोग जगजाहीर आहे. जुनं प्लॅस्टिक कुजून त्याचा भुगा होतो. "नवीन वॉशर टाकलेत" असं लिहून दिलं होतं. दुसऱ्याच शॉटला नळीतून तपकिरी चुरा बाहेर. वॉशर बदलायला पिस्तूल पूर्ण उघडावं लागतं, आणि जोडताना दोन दट्ट्यांचा एक दाता जरी चुकला तरी धक्का बसायला लागतो. हे जमणारे हात आपल्याकडं फार थोडे. म्हणजे ४८,५०० ला खरी डायना, बंद पडलेली. खोका तर रंगीत झेरॉक्स चिकटवलेला.

आता तक्रारीचं. ठाण्यात 'बंदूक' हा शब्द उच्चारला आणि फिर्यादीचा आरोपी झालो. "लायसन आहे का?" ४.५ मिमीपर्यंत बोर आणि २० ज्यूलपर्यंत ताकद असेल तर २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही, हे तीन टेबलांवर तीनदा सांगितलं. तिसऱ्या टेबलानं पहिल्याकडं पाठवलं. (५.५ मिमी घेणार असाल तर परवाना लागतोच, 'तेवढं चालतं' म्हणणारा विक्रेता तुम्हाला गोत्यात घालतोय.) मग म्हणे बंदूक जमा करा. पावती मागितली तर, "पावती कशाला? मग तक्रार कशाला करताय?" पुढच्या वेळी साहेब बंदोबस्तात. त्याच्या पुढच्या वेळी, "माल मिळालाय ना? मग हे दिवाणी." खोटा माल खरा सांगून पैसे काढणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खाली येतं, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, हे कागदावर लिहून नेलं. कागद ठेवून घेतला, आवकचा शिक्का मारला, गुन्हा नाही नोंदवला. नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३(४) खाली वरच्या कचेरीला स्पीड पोस्ट केलं. पोच आली, उत्तर नाही. परवान्याचं काम पाहणाऱ्या दुसऱ्या कचेरीत सांगितलं, "बिनपरवान्याची आहे ना, मग आमची नाही." परवाना मागणारेही हेच सरकार आणि परवाना नाही म्हणून हाकलणारेही हेच! बँकेत एकच वाक्य: पिन तुम्हीच टाकलाय.

आणि सगळ्यांच्या हातात माझ्याविरुद्धचा एक कागद होता, पार्सलची पावती. "कुरियरवाले बंदूक घेत नाहीत, पंपाचे सुटे भाग लिहू का?" असं विक्रेत्यानं विचारलं आणि मी 'हो' म्हणालो. पावतीवर पंपाचे सुटे भाग, किंमत २,०००. म्हणजे कागदोपत्री मी १,१४,००० देऊन दोन हजारांचा पंप घेतला. रीतसर विकणारा दुकानदार तुमचं ओळखपत्र मागतो, नोंद ठेवतो, पक्कं बिल देतो. यानं माझं नाव सोडून काहीच विचारलं नाही, आणि मला ती सोय वाटली.

पैसे गेल्याचं कळलं की १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला त्याच तासात फोन करा, पुढच्या खात्यातून रक्कम हलायच्या आत. मी लाजेपायी नऊ दिवस गप्प बसलो. पार्सल उघडतानाचा अखंड व्हिडिओ काढा. मी नुसते फोटो काढले होते. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. पण विकणारा धंदा म्हणून विकतो हे दाखवावं लागतं, म्हणून त्याच्या इतर जाहिरातींचे स्क्रीनशॉट आधी जमवा, भांडण मागून काढा. मी उलट केलं. रागाच्या भरात त्याला फोन करून चांगलं सुनावलं, की मूर्खा, पासष्टच्या बंदुकीवर एफ नसतो. त्यानं नंबर बंद केला.

गेल्या आठवड्यात एका मित्राकडं नव्या नंबरवरून फोटो आले. डायना ३५, किंमत ७१,०००. पंचकोन नाही, एफ नाही. त्या जागी पॉलिशची एक उथळ बशी आहे, उजेड तिरपा पडला तरच दिसते. तारीख मात्र तीच: ०६ ६५.