कॅमेलियाचे दाणेदार खत आणि छाटणीची वेळ: अकरा महिन्यांच्या वापरानंतर

आम्लधर्मी माती मानवणाऱ्या झुडपांसाठी मिळणारे, हळूहळू विरघळणारे दाणेदार खत मी माझ्या दोन कॅमेलियांना एक फुलोरा संपल्यापासून पुढचा फुलोरा येईपर्यंत, म्हणजे सुमारे अकरा महिने वापरले. खत चांगले आहे; पाकिटावर छापलेले ‘दर तीन महिन्यांनी वर्षभर’ हे वेळापत्रक मात्र कॅमेलियाला लागू पडत नाही, आणि ते डोळे मिटून पाळल्याचा भुर्दंड मला भरावा लागला. माझे एक झुडूप जपोनिका जातीचे असून ते जमिनीत आहे, दुसरे ससांक्वा जातीचे असून ते मोठ्या कुंडीत आहे. या दोघांचा फुलोरा वेगवेगळ्या वेळी येत असल्यामुळे तुलना आपोआपच झाली.

प्रत्येक दाण्यावर राळेसारखे पातळ आवरण असते. ओलाव्याने पाणी आत शिरते, खत विरघळते आणि थोडे थोडे बाहेर झिरपते. हवा तापली की हा वेग वाढतो. दोन-अडीच महिन्यांनीही दाणे मातीवर जसेच्या तसे दिसत होते, तेव्हा खत विरघळलेच नाही असे वाटून मी एक दाणा चिमटीत दाबला. त्यातून पाण्याचा थेंब आला आणि रिकामे टरफल हातात राहिले. त्यामुळे दाणे दिसतात म्हणून खत शिल्लक आहे, असा हिशेब करू नये.

पहिली मात्रा मी जपोनिकाची फुले ओसरल्यावर, नव्या पालवीचे कोंब फुगू लागले तेव्हा दिली. कॅमेलियाची मुळे मातीच्या अगदी वरच्या थरात पसरलेली असतात, म्हणून माती न खणता आच्छादन बाजूला सारले, दाणे पसरले, आच्छादन पुन्हा ओढले आणि भरपूर पाणी दिले. बुंध्यालगतची जागा मोकळी ठेवली. त्या वर्षीची पालवी गर्द हिरवी व भरदार आली, आणि याचे श्रेय मी खताला देतो. दुसरी मात्रा पालवी पक्की होत असताना दिली. ती निम्मीच दिली आणि ती पुरली.

छाटणीचा प्रश्न खताशी जोडलेला आहे, पण दोन्ही कामे एकाच दिवशी उरकायची असतात हा समज मला सोडावा लागला. छाटणी फुले संपल्यावर करायची आणि खत पालवी फुटताना द्यायचे. जपोनिका हिवाळ्याच्या अखेरीस आणि वसंतात फुलत असल्यामुळे तिच्या बाबतीत ही दोन्ही कामे जवळजवळ लागूनच येतात, आणि बहुधा म्हणूनच ती एक वाटतात. ससांक्वा शरदापासून हिवाळ्याच्या सुरुवातीपर्यंत फुलते. तिची छाटणी फुलोऱ्यानंतर, पालवी फुटण्यापूर्वी करून घेता येते, पण त्या थंडीत खत देण्यात अर्थ नसतो, कारण झुडूप तेव्हा वाढीला लागलेले नसते. कापताना गेल्या वर्षीची वाढ जिथे संपली तिथले कड्यासारखे वण शोधावेत आणि त्यांच्या किंचित वर काप घ्यावा. तिथे सुप्त डोळे दाटीने असतात, त्यामुळे एका फांदीच्या जागी तीन-चार फुटतात.

उशिरा कापल्यास काय होते, तेही पाहिले. जपोनिकाच्या एका बाजूच्या फांद्या जाता-येता अडत होत्या, म्हणून शरदाच्या तोंडावर मी त्या सरळ रेषेत कापून टाकल्या. कापलेल्या फांद्या गोळा करताना लक्षात आले की जवळजवळ प्रत्येक शेंड्यावर एका बारीक, टोकदार कोंबाशेजारी एक-दोन गोल, फुगीर कळ्या बसलेल्या होत्या. टोकदार तो पानांचा कोंब, गोल ती फुलाची कळी. पालवी पक्की झाली की झुडूप पुढच्या फुलोऱ्याच्या कळ्या धरून बसते, आणि त्यानंतर चाललेली कात्री फुलेच कापते. यंदा ते झुडूप एका अंगाने फुलांनी भरले आहे आणि दुसऱ्या अंगाने भिंतीसारखे कोरे हिरवे आहे.

खताची चूक कुंडीत झाली. पाकिटावर लिहिले आहे म्हणून, ससांक्वाच्या कळ्या उमलायला आलेल्या असताना, मी तिसरी मात्रा पूर्ण दिली, आणि तीही माती कोरडी असताना. पुढचे काही दिवस ऊन कडक पडले. पानांच्या कडा तपकिरी पडून करपल्या आणि कळ्या न उमलताच गळू लागल्या. कुंडीत क्षार साचले की मुळांना पाणी ओढता येत नाही, हे कारण असावे. मी चमच्याने वरचे दाणे वेचून काढले आणि कुंडीतून तीनदा भरपूर साधे पाणी निथळून जाऊ दिले. झुडूप वाचले, पण तो फुलोरा निम्माच आला. जमिनीतल्या झुडपाला उशिरा खत दिले असते तर वेगळे नुकसान झाले असते: अवेळी फुटलेली कोवळी पालवी कडाक्याच्या थंडीत टिकत नाही.

खताकडून एक अपेक्षा मात्र ठेवू नये. ससांक्वाची नवी पाने शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, अशी दिसत होती, आणि पहिल्या मात्रेने त्यात फरक पडला नाही. नळाचे पाणी जड होते; त्यातल्या चुन्याने कुंडीतल्या मातीचा सामू (pH, म्हणजे माती किती आम्ल वा अल्क आहे त्याचे माप) वर सरकला की माती लोह धरून ठेवते आणि ते मुळांना मिळत नाही. कॅमेलियाला साधारण 5.5 ते 6.5 सामू मानवतो. साठवलेले पावसाचे पाणी देऊ लागल्यावर पुढची पाने हिरवी आली.

हे खत मी पुन्हा घेईन, पण वर्षातून दोनदाच वापरेन आणि कुंडीसाठी सांगितलेल्याच्या निम्मे. आत्ता पाकिटात एक मात्रा उरली आहे. जपोनिकावर अजून चार-पाच फुले आहेत. ती गळली की प्रथम फुललेली बाजू हलकी छाटायची, आणि कोंब फुगू लागले की पाकीट उघडायचे. कोऱ्या बाजूला यंदा कात्री लावणार नाही.