कॉट बेसिसवरची मल्टी केटल: काय शिजतं, काय करपतं

पुण्यात सदाशिव पेठ, नवी पेठ भागात कॉट बेसिसवर, म्हणजे इतरांसोबतच्या खोलीत एक खाट भाड्यानं घेऊन राहणाऱ्यांची रविवारची रात्र ठरलेली: मेसला सुट्टी, खोलीत गॅस नाही, मग वडापाव नाहीतर नूडल्स. त्यावर उतारा म्हणून घेतली जाते ती रुंद तोंडाची, काचेच्या झाकणाची, सव्वा लिटरच्या आसपासची मल्टी केटल, म्हणजे जेवणही शिजवता येणारी विजेची केटल. एकट्याच्या जेवणाला ती पुरते. दोघांसाठी घेणार असाल तर भांडणाची तयारी ठेवा.

चहाची साधी केटल घेऊन तिच्यात खिचडी करायला जाऊ नका. पाणी उकळलं की वाफ आतल्या, तापली की वाकणाऱ्या धातूच्या पट्टीपर्यंत पोचते आणि बटण आपोआप बंद होतं, त्यामुळे मंद शिजवणं तिला जमतच नाही. शिवाय ती बहुधा 1500 वॅटची, म्हणजे साडेसहा अँपिअर ओढणारी. भिंतीतलं लहान सॉकेट 6 अँपिअरचं असतं. त्यात स्वस्तातलं एक्स्टेंशन लावलं की पिन तापते आणि प्लास्टिक वितळल्याचा वास येतो. तपकीर गल्लीतल्या विजेच्या सामानाच्या बाजारातून घ्या की ऑनलाइन, खोक्यावर 600 ते 800 वॅट आणि मंद-मोठ्या आचेचं वेगळं बटण आहे ना, एवढं बघा.

मुगाची खिचडी हे या भांड्याचं खरं काम. 150 मिलिलिटरच्या वाटीनं अर्धी वाटी तांदूळ आणि पाव वाटी मूगडाळ धुऊन अर्धा तास भिजवा. साडेतीन वाट्या पाणी, हळद, मीठ आणि चमचाभर तेल घाला. तेलानं डाळीचा फेस आटोक्यात राहतो. तरी भांडं निम्म्याच्या वर भरू नका, नाहीतर पिवळं पाणी झाकणातून थेट खालच्या बटणावर उतरतं. उकळी येईपर्यंत मोठी आच, मग मंद. एकूण पंचवीस-तीस मिनिटं. वीज पाव युनिटच्या आसपास.

इथेच बहुतेकांचं चुकतं. खिचडी दाट होत आली की पाणी तळापर्यंत पोचत नाही, तळ जास्त तापतो आणि केटल आपणहून बंद पडते. भांडं बिघडलेलं नसतं. अर्धी वाटी गरम पाणी घालून तळापासून ढवळा, दोन मिनिटांनी पुन्हा चालू करा. गार पाणी घातलं तर डाळ दडदडीत राहते.

या खिचडीतून साधारण 11-12 ग्रॅम प्रथिनं मिळतात, सोबत उकडलेलं अंडं घेतलं तर आणखी 6. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार दर किलो वजनामागे दिवसाला 0.83 ग्रॅम, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 50 ग्रॅम लागतात. एका जेवणात तिसरा हिस्सा झाला. मेसच्या पाणीदार वरणात तेवढं शोधूनही सापडणार नाही!

सोबत येणारी जाळीची ताटली कपाटात पडून राहते, ती बाहेर काढा. मोड आलेली मटकी तिच्यावर आठ मिनिटं वाफवली की दाण्याला दाताखाली थोडा कचका राहतो. वरून लिंबू पिळाच, कडधान्यातलं लोह त्यामुळे अंगी लागतं. नाचणीची आंबीलही झकास होते: दोन चमचे पीठ आधी गार पाण्यात कालवायचं, मग उकळत्या पाण्यात ओतून मंद आचेवर पाच मिनिटं ढवळायचं. कोरडं पीठ टाकलंत तर गुठळ्या. ताक मात्र आंबील कोमट झाल्यावरच, नाहीतर फाटतं.

दुधाला हे भांडं नालायक आहे. खालची कॉइल गोल असल्यामुळे तळाशी बांगडीएवढं तपकिरी कडं करपतं आणि पुढचे दोन दिवस चहालाही तोच वास. फोडणीचंही तेच, मोहरी तडतडेपर्यंत जिरं काळं होतं. राजमा-छोले यात करूच नका: ते मऊ व्हायला तास-दीड तास लागतो आणि अर्धाकच्चा राजमा खाल्ला तर उलट्या होतात.

धुताना अख्खं भांडं नळाखाली धरू नका. आत गरम पाणी घालून दहा मिनिटं ठेवा आणि स्पंजनं पुसा, तारेची घासणी नको. बोअरच्या पाण्यानं तळाला पांढरे क्षार धरले तर लिंबाच्या दोन फोडी टाकून पाणी उकळा.

किंमत हजार-बाराशेपासून पुढे. पण कॉलेजच्या वसतिगृहात राहत असाल तर आधी नियमावली वाचा, बऱ्याच ठिकाणी खोलीत विजेची शेगडी किंवा केटल सापडली की जप्त होते. तिथे भिजवलेले शेंगदाणे, मोड आलेले मूग आणि दही-पोहे यांवरच रविवार काढावा लागतो.